भोकामागे पाचशे

पावतीच्या मागे, बारीक टायपात,
मी छापून घेतलंय:
'गोळीबार झाल्यास भोकामागे पाचशे रुपये.'
खाली शिक्का, घोरपडे टेंट हाउस,
चिटणीस की गोठ, लश्कर, ग्वाल्हेर.
वाटलं होतं, पाचशे बघून लोक दचकतील.
पहिल्याच हंगामात मुरारचे एक गृहस्थ
खिशात हात घालून म्हणाले,
'दहा भोकांचे आत्ताच धरा,
मुलाकडचे आहोत आम्ही.'

परवा सभा झाली.
लग्नातल्या बंदुकांवर बंदी हवी की नको,
लोकांचं मत घ्यायला साहेब आले होते.
मांडव माझाच. सरकारी दर. उधारी.

भदौरिया सुभेदार उठले. म्हणाले,
आमच्या बीहडात रात्री अकराला चौकीत फोन लावून बघा,
शिपाई पहाटे चारला येतो, तोही वाट विचारत.
लायसनची आहे माझी. आजोबांकडून बापाकडे,
बापाकडून माझ्याकडे, शेताच्या खसऱ्यासारखी.
टाळ्या.
मुलींच्या शाळेतल्या सरोज तोमर म्हणाल्या,
माझी एक विद्यार्थिनी निबंधात लिहिते,
'आमच्या घरी दोन बंदुका आहेत, नळ नाही.'
हशा. मग टाळ्या. त्याच हातांच्या.
आपटे वकील कलमं वाचत राहिले,
माईक मध्येमध्ये किंचाळत राहिला.
मागे एक पोरगा होता,
कमरेला पट्टा, पट्ट्यात काहीच नाही
(हत्यार गेटवर काढून घेतलं होतं),
तो ओरडला, 'हवेत तर मारतो साहेब,
हवेला काय लागतंय?'
यावर सगळे हसले.
साहेबसुद्धा, रुमालाआड.

बाराबोर माझ्याही घरी आहे, खोटं कशाला बोलू.
निवडणुकीत ठाण्यात जमा करून आलो
की रात्री कपाटाच्या त्या कोपऱ्याकडे हात जातो,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.
म्हणून मी बोललो नाही.
मी वर बघत होतो.

शिवणारा माणूस आहे मी.
खालून वर गेलेल्या गोळीचं भोक
आकाशाच्या बाजूला ओठ काढतं.
गोदामात कापड पसरून बोट फिरवलं
की उठलेले धागे लागतात,
मग ठिगळ, मग दुहेरी टाका.
अशी सत्तरएक बुजवलीत. त्यांचे पैसेही आले,
वर मिठाईचे डबे.

एकाचे धागे आत वळलेले निघाले.
देवउठनीनंतरचं तिसरं लग्न.
त्या रात्री आमच्या मांडवात एकही बार झाला नव्हता,
नवरीच्या बापाने सगळ्यांपुढे हात जोडले होते.
नाल्यापलीकडे मात्र दुसऱ्या वराती होत्या,
एक की तीन, कोण मोजतंय.
भट्टीमागे, पातेल्यांना टेकून,
मातादीन हलवायाचा पोऱ्या झोपला होता,
नाव हलके,
वय विचारलं तर कधी बारा सांगायचा, कधी चौदा.
सकाळी वाटलं, रात्रभर पुऱ्या लाटून दमलाय.
कुणीतरी त्याच्या अंगावर सतरंजीही टाकली होती.

पंचनाम्यात लिहिलं, दिशा अज्ञात.
वर ही दिशा धरत नसावेत.

शेवटी साहेबांनी हात वर करायला सांगितलं.
बंदीच्या बाजूचे. मग विरोधातले.
कारकून मोजताना दोनदा चुकला,
काही हात दोन्ही वेळा वर होते.
माझा एकदाही नव्हता,
वारा सुटला होता, मी दोर धरून उभा होतो.
असं मी घरी सांगितलं.

ते भोक मी शिवलेलं नाही.
त्याचे पाचशे कुणाच्या पावतीवर लावायचे?
त्या दुपारी त्यातून एक कवडसा
थेट मंचावर उतरला होता,
आणि डोळ्यांवर येतोय म्हणून
साहेबांनी भाषणात दोनदा
खुर्ची सरकवून घेतली.